महिनाअखेर आणि मूल: घरातल्या मिळकतीचा मुलांच्या वाढीशी संबंध काय?

जानेवारी २०२२ मध्ये जगभरच्या वर्तमानपत्रांत एक बातमी झळकली. अमेरिकेत गरीब आयांना दरमहा पैसे दिले आणि वर्षभरात त्यांच्या बाळांच्या मेंदूच्या लहरींत फरक दिसला. २०२५ मध्ये त्याच प्रयोगाची दुसरी बातमी आली: चार वर्षं पैसे मिळूनही मुलांच्या वाढीत फरक नाही. या दोन बातम्या वाचून गोंधळ उडाला असेल तर त्यात वाचकाची काही चूक नाही. पहिली वाचून काही जण म्हणाले, "बघा, शेवटी सगळं पैशावरच येतं." दुसरी वाचून काही जण म्हणाले, "बघा, पैशाने काही होत नाही, घरातलं वळण चांगलं लागतं." मला दोन्ही निष्कर्ष घाईचे वाटतात. ही घाई महागात पडते, कारण असल्या बातम्यांच्या जोरावर सरकारं मदत सुरू करतात किंवा बंद करतात, आणि हातातोंडाची गाठ घालणारे आईबाप स्वतःला दोष देत बसतात.

म्हणून मुळापासून सुरुवात करू.

छत्री आणि चिखल

ज्या घरात मिळकत कमी, तिथली मुलं सरासरीने कमी वजनाची जन्मतात, जास्त आजारी पडतात, शाळेत पाऊल टाकताना त्यांचा शब्दसंग्रह लहान असतो, शिक्षण लवकर सुटतं, मोठेपणी कमाई कमी आणि आयुष्यही कमी. हे चित्र एका देशापुरतं नाही. जिथे जिथे मोजलं तिथे ते थोड्याफार फरकाने दिसलं आहे.

यात एक बारकावा आहे. मिळकत आणि मुलाची वाढ यांचा संबंध सरळ रेषेत चढत नाही. तळाशी चढ उभा असतो आणि वर जाऊ तसा सपाट होत जातो. २०१५ मध्ये मेंदूशास्त्रज्ञ किंबर्ली नोबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३ ते २० वर्षं वयाच्या १,०९९ मुलामुलींच्या मेंदूची छायाचित्रं तपासली. सर्वांत गरीब घरांमध्ये मिळकतीतल्या थोड्याशा फरकाबरोबर मेंदूच्या बाह्यपटलाच्या क्षेत्रफळात बराच फरक दिसत होता. श्रीमंत घरांमध्ये तेवढ्याच रकमेच्या फरकाने जवळजवळ काहीच हलत नव्हतं. सुकत चाललेल्या रोपाला तांब्याभर पाणी घातलं तर संध्याकाळपर्यंत पानं वर येतात. भिजलेल्या वाफ्यात तेवढंच पाणी ओतलं तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

पण दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं होत नाही. ज्या दिवशी रस्त्यावर छत्र्या जास्त, त्या दिवशी चिखलही जास्त. म्हणून काही छत्र्यांमुळे चिखल होत नाही, दोन्हींच्या मागे पाऊस असतो. तसंच इथेही कोणी विचारू शकतं: कमी शिकलेले, आजारी किंवा एकट्याने संसार ओढणारे आईबाप कमी कमावतात, आणि त्याच कारणांनी मुलंही मागे पडतात, तर पैशाला कशाला दोष द्यायचा? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मिळवायचं तर माणसं तीच राहून फक्त पैसा बदलला, अशी उदाहरणं शोधावी लागतात.

माणसं तीच, पैसा नवा

असं एक उदाहरण जवळजवळ योगायोगाने हाती लागलं. १९९३ मध्ये जेन कॉस्टेलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगराळ भागात १,४२० मुलांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास हाती घेतला. त्यांत सुमारे ३५० मुलं चेरोकी या मूलनिवासी जमातीची होती. अभ्यास चालू असतानाच जमातीच्या जमिनीवर कॅसिनो उभा राहिला आणि त्याच्या नफ्याचा वाटा जमातीतल्या प्रत्येक प्रौढाला मिळू लागला. काम करा न करा, लग्न झालेलं असो नसो, वाटा सगळ्यांना सारखा. आजूबाजूच्या इतर कुटुंबांना मात्र काहीच नाही. ठरवून आखला असता तरी इतका स्वच्छ प्रयोग जमला नसता.

झालं काय? ज्या चेरोकी घरांची गरिबी या पैशाने हटली, तिथल्या मुलांचा आक्रस्ताळेपणा, मारामाऱ्या, नियम मोडणं चार वर्षांत इतकं कमी झालं की कधीच गरीब नसलेल्या मुलांत आणि त्यांच्यात या बाबतीत फरक उरला नाही. चिंता आणि नैराश्य मात्र फारसं हललं नाही, हेही सांगितलं पाहिजे. पुढे अर्थतज्ज्ञांनी याच मुलांचा पाठपुरावा केला. सर्वांत गरीब घरांमध्ये वर्षाला सुमारे ४,००० डॉलरची भर पडली, तर मूल २१ वर्षांचं होईपर्यंत त्याचं शिक्षण साधारण एका वर्षाने वाढलेलं आढळलं.

दुसरं उदाहरण जुनं आहे, आणि मला ते फार बोलकं वाटतं. १९११ पासून अमेरिकेच्या एकेका राज्यात विधवा आणि निराधार आयांना मुलं वाढवण्यासाठी पेन्शन सुरू झाली. अर्ज केलेल्यांपैकी काहींना ती मिळाली, काहींचे अर्ज फेटाळले गेले. शंभर वर्षांनी अर्थतज्ज्ञांनी ते जुने दप्तर उघडलं आणि त्या अर्जांतल्या मुलग्यांची गाठ जनगणनेशी, सैन्यभरतीच्या नोंदींशी आणि मृत्यूच्या नोंदींशी घातली. (मुलींची आडनावं लग्नानंतर बदलत, त्यामुळे त्यांचा माग काढता आला नाही.) ज्यांच्या आयांना पेन्शन मिळाली ते मुलगे सरासरीने सुमारे एक वर्ष जास्त जगले, थोडं जास्त शिकले आणि तरुणपणी जास्त कमावू लागले. अर्ज फेटाळलेली कुटुंबं तर थोडी बऱ्या स्थितीतली होती. तरीही पेन्शनवाली मुलं पुढे गेली.

पैसा मुलापर्यंत पोहोचतो कसा

एक वाट सगळ्यांना दिसते. पैशाने पुरेसं खाणं येतं, कोरडं घर येतं, वेळेवर डॉक्टर येतो, पुस्तकं आणि बरी शाळा येते. या वाटेवर मी फार रेंगाळत नाही, कारण ती समजवावी लागत नाही.

दुसरी वाट दिसत नाही, कारण ती आईबापांच्या डोक्यातून जाते. संध्याकाळचे साडेसात वाजलेत असं समजा. बाप जुन्या पाकिटाच्या पाठीवर आकडे मांडतोय: भाडं, वीज, फी, मागच्या महिन्याची उसनवारी. तिसऱ्यांदा बेरीज केली तरी तोंडमिळवणी होत नाही. चार वर्षांची मुलगी खिडकीशी उभी आहे.

"बाबा, चंद्र आपल्याबरोबर का चालतो?"

"थांब जरा."

ती थांबते. पुन्हा विचारते.

"सांगितलं ना, नंतर."

तिसऱ्यांदा ती विचारत नाही.

या बापाचं मुलीवर प्रेम कमी नाही, त्याला काही कळत नाही असंही नाही. त्याचं डोकं त्या क्षणी भरलेलं आहे. मन एका वेळी ठरावीकच ओझं वाहू शकतं, आणि पैशाची काळजी त्यातली मोठी जागा अडवून बसते. तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवर झालेल्या एका अभ्यासात हे स्वच्छ दिसलं. ऊसकरी शेतकऱ्याच्या हातात वर्षातून एकदाच, तोडणीनंतर, मोठी रक्कम येते. तोडणीआधी ओढगस्त, नंतर काही काळ निवांतपणा. संशोधकांनी ४६४ शेतकऱ्यांना तोडणीच्या आधी आणि नंतर आकृत्यांची कोडी आणि एकाग्रतेच्या चाचण्या दिल्या. तोच शेतकरी पैसा आल्यावर त्या चाचण्यांत सरस ठरला. हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच माणसाची स्वतःशीच तुलना असल्याने 'मुळात हुशार माणसंच श्रीमंत होतात' हे स्पष्टीकरण इथे चालत नाही.

आता त्या खिडकीतल्या मुलीकडे परत येऊ. लहान मुलाची भाषा नुसती कानावर पडलेल्या शब्दांनी वाढत नाही. मुलाने काही म्हणायचं, मोठ्याने त्याला उत्तर द्यायचं, मुलाने पुन्हा काही म्हणायचं, या देवाणघेवाणीत ती जास्त वाढते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतल्या मानसशास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात घराघरांतल्या बोलण्याची ध्वनिमुद्रणं तपासली. महिनाअखेरीला, म्हणजे पैशाची चणचण असते त्या दिवसांत, आईबाप आणि मुलांमधली ही देवाणघेवाण कमी झालेली आढळली. घर तेच, आईबाप तेच, मूलही तेच होतं, फक्त तारीख पुढे सरकली होती. या विषयावर मी जे काही वाचलं त्यात हा निष्कर्ष मला सर्वांत जास्त चटका लावून गेला. 'गरीब आईबाप मुलांशी बोलत नाहीत, त्यांना कसं बोलायचं ते शिकवा' असा उपदेश वर्षानुवर्षं चालू आहे. पण महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जो बाप बोलतो, तो शेवटच्या आठवड्यात बोलायचं विसरला असं कसं म्हणता येईल?

चेरोकी कुटुंबांतही धागा हाच निघाला. मुलांचं वागणं का सुधारलं याचा शोध घेतला तेव्हा मोठा वाटा आईबापांच्या लक्ष देण्याचा होता. ओढाताण कमी झाली तशी मूल कुठे आहे, कोणाबरोबर आहे, हे बघायला त्यांना उसंत मिळाली.

ताण शरीरातही उतरतो. धोक्याच्या वेळी आपल्या शरीरात कॉर्टिसॉल नावाचं रसायन वाढतं आणि धोका टळला की उतरतं. थोडा वेळ वाढलं तर ते उपयोगी असतं. महिनोन्‌महिने चढलेलंच राहिलं तर झोप, प्रतिकारशक्ती आणि स्मरण या सगळ्यांवर परिणाम होतो. मेक्सिकोत १९९७ पासून गरीब आयांच्या हाती थेट पैसे देणारी सरकारी योजना सुरू झाली. त्या योजनेतल्या लहान मुलांच्या लाळेत कॉर्टिसॉल कमी आढळलं, आणि ज्यांच्या आया नैराश्याने ग्रासलेल्या होत्या त्या मुलांत हा फरक जास्त होता.

मग हजार आयांच्या प्रयोगात काय बिनसलं?

आता सुरुवातीच्या दोन बातम्यांकडे वळू. २०१८ आणि २०१९ मध्ये अमेरिकेच्या चार महानगरांतल्या प्रसूतिगृहांत १,००० गरीब आयांना या प्रयोगात घेतलं. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटणी केली. एका गटाला दरमहा ३३३ डॉलर, दुसऱ्याला २० डॉलर. खर्चावर अट कसलीही नाही.

२०२२ ची बातमी वाटते तितकी पक्की नव्हती. कोविडमुळे घरभेटी थांबल्या आणि मेंदूच्या लहरी अवघ्या ४३५ बाळांच्याच मोजता आल्या. दिसलेला फरक लहान होता आणि कडक सांख्यिकी कसोटी लावली की धूसर होत होता. मथळ्यांत हे आलं नाही. २०२५ चे निष्कर्ष जास्त मुलांच्या मोजणीवर उभे होते: भाषा, एकाग्रता, वागणूक, मेंदूच्या लहरी, कशातही दोन गटांत ठळक फरक नाही.

हा निकाल झटकून टाकणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं. कदाचित पहिल्या चार वर्षांत एवढ्या रकमेने या विशिष्ट गोष्टी हलतच नसतील. पण निकाल वाचताना शेजारी काय घडत होतं तेही पाहावं लागतं. प्रयोगाच्या मध्यावर कोविड आला. अमेरिकी सरकारने सगळ्याच कुटुंबांना मोठी मदत दिली. २०२१ च्या उत्तरार्धात सहा वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे दरमहा ३०० डॉलरपर्यंत रक्कम थेट घरात येत होती, म्हणजे २० डॉलरवाल्या गटालाही. त्या वर्षी अमेरिकेतल्या बालगरिबीचं प्रमाण ५.२ टक्क्यांवर उतरलं, आणि मदत संपताच २०२२ मध्ये १२.४ टक्क्यांवर गेलं. एका वाफ्याला पाणी घालून दुसरा कोरडा ठेवायचा बेत होता, पण मध्येच दोन्हींवर पाऊस पडला.

दुसरी गोष्ट वयाची. चेरोकी मुलांचा जास्तीच्या शिक्षणाचा निकाल २१ व्या वर्षी दिसला, पेन्शनवाल्या आयांच्या मुलांचा तर म्हातारपणी. चौथ्या वर्षी आंब्याला मोहोर आला नाही म्हणून कोणी झाड तोडत नाही.

स्वीडनमधूनही एक महत्त्वाचा इशारा आहे. तिथे लॉटरी जिंकलेल्या कुटुंबांतल्या मुलांचा अभ्यास झाला तेव्हा मुलांच्या आरोग्यावर आणि शाळेतल्या प्रगतीवर जवळजवळ काही परिणाम आढळला नाही. मला त्यात विसंगती दिसत नाही. जिथे दवाखाना, पाळणाघर आणि शाळा यांचा भार समाजाने आधीच उचललेला आहे, तिथे घरात जास्तीचा पैसा आल्याने मुलाच्या वाट्याला नवं फार काही येत नाही. वाफा आधीच भिजलेला असतो.

"आम्हीही गरिबीतूनच वर आलो"

हे वाक्य बहुतेक वेळा खरं असतं आणि त्यामागचे कष्टही खरे असतात. पण सरासरी एका माणसाबद्दल काही सांगत नाही, तसंच एक माणूस सरासरी खोडूही शकत नाही. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनेही सायकल चालवता येते, आणि चालवणाऱ्याचं कौतुक झालंच पाहिजे. म्हणून वारा नव्हता असं मात्र ठरत नाही.

वारा किती जोरात आहे याचा एक अंदाज विकसित देशांची आर्थिक संघटना ओईसीडी हिने २०१८ मध्ये मांडला. तळाच्या दहा टक्क्यांत असलेल्या कुटुंबाच्या वंशजांना देशाच्या सरासरी मिळकतीपर्यंत पोहोचायला किती पिढ्या लागतील? डेन्मार्कमध्ये दोन, संघटनेच्या देशांत सरासरी चार ते पाच, भारतात सात, कोलंबियात अकरा. डेन्मार्कचं मूल कोलंबियाच्या मुलापेक्षा पाचपट कष्टाळू असतं असं कोणी म्हणणार नाही.

आणि गरीब मुलांना 'कमी' समजणंही चुकीचं आहे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या सुमारे १,४०० मुलांची गणिताची परीक्षा घेतली. गिऱ्हाइकाचा अवघड हिशेब ही मुलं कागदाशिवाय झटपट करत. त्याच प्रकारची उदाहरणं शाळेच्या पद्धतीने मांडली की अडखळत. बाजारात काम न करणाऱ्या शाळकरी मुलांचं नेमकं उलट. बुद्धी तिथे होती. ती मोजणारी फूटपट्टी शाळेची होती.

"पैसे हातात दिले की उडवतील"

ही शंका मनात येणं स्वाभाविक आहे, आणि ती तपासूनही झाली आहे. डेव्हिड इव्हान्स आणि ॲना पोपोवा यांनी वेगवेगळ्या देशांतल्या १९ अभ्यासांचा आढावा घेतला. रोख मदत मिळाल्यावर दारू आणि तंबाखूवरचा खर्च वाढल्याचं त्यांना दिसलं नाही. सरासरी पाहता तो किंचित घटलाच होता. हजार आयांच्या प्रयोगातही दारू-सिगारेटचा खर्च वाढला नाही. वाढला तो मुलांच्या वस्तूंवरचा, पुस्तकांवरचा आणि खेळण्यांवरचा, आणि आया मुलांबरोबर वाचण्या-खेळण्यात थोडा जास्त वेळ घालवू लागल्या. मुलांच्या चाचण्यांत फरक आला नाही हे खरं, पण आयांनी पैसे उडवले हे खरं नाही.

"मग लहानपणी जे हुकलं ते हुकलंच का?"

सहाव्या वर्षापर्यंत मेंदूचं आकारमान प्रौढाच्या सुमारे ९० टक्के होतं, हे वाचून अनेक आईबाप घाबरतात. पण आकार झाला म्हणजे घडण संपली असं नाही.

जमैकाच्या किंग्स्टन शहरात १९८६-८७ मध्ये सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि सहकाऱ्यांनी वस्त्यांमधली १२९ खुरटलेली मुलं निवडली, म्हणजे वयाच्या मानाने उंची फार कमी असलेली, ९ ते २४ महिन्यांची. त्यांतल्या काहींच्या घरी दोन वर्षं दर आठवड्याला एक आरोग्यसेविका तासभर जाई. तिच्याजवळ घरीच बनवलेली खेळणी असत. ती आईच्या शेजारी बसे आणि मुलाशी कसं बोलायचं, कसं खेळायचं ते आईकडून करवून घेई. घरात पैसा एकही वाढला नव्हता. वीस वर्षांनी ही मुलं त्यांच्यासारख्याच पण घरभेट न मिळालेल्या मुलांपेक्षा २५ टक्के जास्त कमावत होती, आणि कधीच न खुरटलेल्या मुलांच्या बरोबरीला आली होती.

म्हणून 'पैसा की आईबाप' हा वादच मला चुकीचा मांडलेला वाटतो. चेरोकी घरांत पैसा आला आणि आईबापांचं लक्ष वाढलं. किंग्स्टनमध्ये आईला थेट हात दिला आणि मुलाची पुढची कमाई वाढली. ज्याला मदत आखायची आहे त्याने रक्कम किती हे जसं बघायचं, तसंच ती कोणत्या तारखेला येते, दर महिन्याला येते की कधीतरी, आणि पुढच्या महिन्यात येईल याचा भरवसा आहे का, हेही बघायला हवं. पाकिटाच्या पाठीवरची बेरीज भरवशावर सुटते. एकदाच आलेल्या मोठ्या रकमेने ती थोडे दिवस पुढे ढकलली जाते.

वयाबद्दलही पुरावा आहे. १९९४ पासून अमेरिकेच्या पाच शहरांत काही गरीब कुटुंबांना चिठ्ठी टाकून कमी गरिबीच्या वस्तीत घर घेण्यासाठी मदत दिली गेली. ज्यांचं घर वयाच्या तेराव्या वर्षाआधी बदललं ती मुलं पंचविशीत ३१ टक्के जास्त कमावत होती. त्याहून मोठ्या मुलांना तसा फायदा झाला नाही, उलट उपटून लावल्याचा थोडा तोटाच झाला. चेरोकी मुलांत मात्र घर, शाळा, मित्र काहीच बदललं नव्हतं, फक्त पैसा आला होता. त्यांच्यात कॅसिनो सुरू झाला तेव्हा जी सोळाच्या आसपास होती त्यांना पैशाची दोनच वर्षं घरात मिळाली, आणि जी बाराची होती त्यांना सहा. मोठेपणी दारू आणि गांजाच्या आहारी जाण्याचं प्रमाण या बारा वर्षांच्या मुलांत सर्वांत कमी निघालं.